शंभर दिव्यांचा गुणाकार: ऊर्जाबचतीच्या दिव्यांच्या प्रारूपाच्या प्रकल्प नोंदी

३ जून

कामाला सुरुवात. काम असं: सीएफएल (छोट्या नळीचे ऊर्जाबचतीचे दिवे) आणि एलईडी दिवे वीजजाळ्याच्या गणितात कसे मांडायचे ते ठरवायचं. तारेच्या बल्बला एक रोध पुरत होता. ६० वॅटचा बल्ब २३० व्होल्टवर ०.२६ अँपिअर घेतो आणि त्याचा करंट व्होल्टेजच्या पावलावर पाऊल टाकून चालतो. तापलेल्या तंतूचा रोध व्होल्टेजबरोबर थोडा बदलतो, बास.

तितकाच उजेड देणारा ११ वॅटचा सीएफएल मात्र करंट सलग घेत नाही. अर्ध्या आवर्तनात एकदाच, व्होल्टेज शिखराजवळ आलं की, एक घोट घेतो आणि गप्प बसतो. जाळ्याचा अभ्यास करणाऱ्यांच्या फायलीत हा दिवा अजूनही 'इतके वॅट, इतका पॉवर फॅक्टर' एवढाच आहे (पॉवर फॅक्टर म्हणजे व्होल्टेज आणि करंट यांच्या गुणाकारापैकी खरे वॅट किती, ते प्रमाण). दिवे हजारोंनी असले की त्या फायलीत काय करतात? एका दिव्याचे आकडे घेतात आणि संख्येने गुणतात. हा गुणाकार कुठे चालतो आणि कुठे फसतो, हे मला शोधायचंय.

५ जून

दिवा उघडला. ब्रिज रेक्टिफायर (करंटाला एकाच दिशेला वळवणारे चार डायोड), त्यामागे वीज साठवणारा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, पुढे दोन ट्रान्झिस्टरांचा इन्व्हर्टर (नळीसाठी पुन्हा उलटसुलट करंट बनवणारा) आणि मग नळी. सुरुवातीला फ्यूजचं काम करणारा काही ओहमचा छोटा रोध. इन्व्हर्टर काही दशसहस्र हर्ट्झवर चालतो. जाळ्याच्या बाजूने पाहणाऱ्याला ती धावपळ दिसतच नाही, कपॅसिटर ती स्वतःपाशी अडवून ठेवतो. म्हणून इन्व्हर्टर आणि नळी मिळून एक रोध मानायचा आणि तो कपॅसिटरला समांतर जोडायचा. चार डायोड, एक कपॅसिटर, एक रोध. वर्षानुवर्षं वापरात असलेलं हे प्रारूप आहे आणि त्याचा साधेपणा मला आवडतो, कारण ते कागदावर सुटतं.

९ जून

आज संगणक बंद ठेवून हाताने सोडवलं. दोन प्रश्न: करंट कोणत्या कोनाला सुरू होतो आणि कोणत्या कोनाला थांबतो (व्होल्टेजचं एक पूर्ण आवर्तन म्हणजे ३६० अंश).

थांबण्याचा कोन लगेच मिळतो. शिखर ओलांडल्यावर व्होल्टेज उतरू लागतं. कपॅसिटर परत देत असलेला करंट आणि रोध मागत असलेला करंट जिथे सारखे होतात तिथे डायोड बंद. हे ठरतं फक्त कोनीय वारंवारता, रोध आणि कपॅसिटर यांच्या गुणाकारावर. मग कपॅसिटर एकटा रोधाला पोसत उतरत राहतो, आणि पुढच्या अर्ध्या आवर्तनात चढतं व्होल्टेज त्याला गाठतं तो सुरू होण्याचा कोन. हे दुसरं समीकरण थेट सुटत नाही. अंदाज घालायचा, तपासायचा, सुधारायचा. चार फेऱ्यांत जमलं.

रोध ८००० ओहम आणि कपॅसिटर ३.३ मायक्रोफॅरड धरून करंट ४८.८ अंशांना सुरू होतो आणि ९६.९ अंशांना संपतो. म्हणजे १८० अंशांपैकी फक्त ४८ अंश. दिवा १०.४ वॅट घेतो, एकूण करंट ७९ मिलिअँपिअर, पॉवर फॅक्टर ०.५७. मूळ ५० हर्ट्झचा करंट व्होल्टेजच्या २५ अंश पुढे, म्हणजे त्याच्या आधी. टीएचडी, म्हणजे मूळ करंटाच्या तुलनेत बाकीची सगळी विकृती, १२४ टक्के.

करंटाचे हार्मोनिक्समध्ये, म्हणजे ५० हर्ट्झच्या पटींतल्या साइन लाटांत, तुकडे पाडल्यावर: तिसरी (१५० हर्ट्झची) हार्मोनिक मूळ करंटाच्या ८५ टक्के, पाचवी ६०.६ टक्के, अकरावी २१ टक्के.

एक गोष्ट इथेच नोंदवते, कारण ती पुन्हा पुन्हा चुकीची ऐकू येते. पॉवर फॅक्टर ०.५७ दिसला की 'कपॅसिटर बँक लावा' असं सुचवलं जातं. इथे मूळ करंट आधीच पुढे आहे, त्याचा कोसाइन ०.९१ आहे. ०.९१ वरून ०.५७ पर्यंतची घसरण सगळी करंटाच्या विकृतीमुळे आहे. कपॅसिटर लावला तर करंट आणखी पुढे जाईल आणि जाळ्याच्या इंडक्टन्सशी (करंटातल्या बदलाला अडवणारा तारांचा गुण) त्याचं अनुनादाचं नातं जुळण्याचा धोका वाढेल तो वेगळाच.

१० जून

कालचं गणित ४.७ मायक्रोफॅरड घेऊन परत केलं (रोध ८३०० च्या आसपास, म्हणजे वॉटेज जवळपास तेच राहतं). वहन, म्हणजे करंट वाहतो तो भाग, ५४.७ ते ९४.७ अंश, टीएचडी १४२ टक्के, तिसरी ८९ टक्के, पाचवी ७१ टक्के, पॉवर फॅक्टर ०.५३.

आता हे आकडे आयईसी ६१०००-३-२ या, उपकरणांच्या हार्मोनिक करंटांवर मर्यादा घालणाऱ्या मानकाशेजारी ठेवले. २५ वॅटपर्यंतच्या दिव्यांना त्यात एक वाट अशी आहे: तिसरी हार्मोनिक ८६ टक्क्यांच्या आत, पाचवी ६१ च्या आत, करंट ६० अंशांपूर्वी सुरू व्हावा, त्याचं शिखर ६५ अंशांपूर्वी यावं आणि तो ९० अंशांआधी थांबू नये. ३.३ चा दिवा यातून जेमतेम निसटतो: ८५ आणि ६०.६. ४.७ चा अडकतो. इतके दिवस हे आकडे मला आकाशातून पडल्यासारखे वाटायचे. आज कळलं, ते अगदी याच चार डायोडांच्या परिपथाच्या मापाने कापलेले आहेत. कपॅसिटर किती मोठा चालेल, हे मानक कपॅसिटरचं नावही न घेता सांगतं.

देवघेव मात्र खरी आहे. ३.३ मध्ये कपॅसिटरवरचं व्होल्टेज दर अर्ध्या आवर्तनात ३२५ वरून २४५ पर्यंत पडतं, ४.७ मध्ये २६५ पर्यंतच. जाळ्याला जे सुसह्य तेच नळीला त्रासाचं. आणि याच तर्काने जुना झालेला दिवा, ज्याचा इलेक्ट्रोलिटिक सुकत चाललाय, जाळ्याला नव्यापेक्षा सौम्य असतो, आणि त्याचा उजेड जास्त थरथरतो.

१२ जून

संगणकावर आणलं. पहिलाच प्रयत्न फुटला: करंट हजारो अँपिअरवर गेला. कारण शोधायला दुपार गेली, कारण मी डायोडांच्या मागे लागले होते. डायोड निर्दोष होते. सुरुवातीचा १० ओहमचा रोध आणि ३.३ मायक्रोफॅरड मिळून काळाचा स्थिरांक ३३ मायक्रोसेकंद होतो. मी पायरी घेतली होती १०० मायक्रोसेकंदांची. साध्या पुढे-सरकत्या पद्धतीला दुप्पट स्थिरांकापेक्षा, म्हणजे ६६ पेक्षा, मोठी पायरी झेपत नाही. पायरी ५ केली आणि सगळं शांत झालं.

दुसरं भान: दिवा स्थिर अवस्थेत यायला वेळ घेतो. आतला स्थिरांक २६ मिलिसेकंद आहे, म्हणून पहिली दहा-बारा आवर्तनं टाकून द्यायची आणि मगच मोजायचं. मोजताना पूर्ण आवर्तनंच घ्यायची. हार्मोनिक्स मोजण्याचं मानक आयईसी ६१०००-४-७ हे ५० हर्ट्झला दहा आवर्तनांची, म्हणजे २०० मिलिसेकंदांची खिडकी सांगतं, तीच धरली.

हाताचं उत्तर आणि संगणकाचं उत्तर जुळलं. १० ओहमांमुळे करंटाची उभी कडा थोडी कलली, एवढाच फरक.

१६ जून

प्रत्यक्ष मोजणी. सुरक्षिततेसाठी दिवा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरवर (दिव्याला जाळ्यापासून वेगळं ठेवणारा) लावला होता. टीएचडी गणितापेक्षा खूपच कमी आली आणि प्रवाहाचा टोकदार काटा गोल गोटा होऊन समोर आला. क्षणभर वाटलं प्रारूपच चुकलं. मग लक्षात आलं, छोट्या ट्रान्सफॉर्मरचा इंडक्टन्स दिव्याच्या वाटेत बसलाय आणि तोच करंटाला गोलाई देतोय. मी दिवा मोजत नव्हते, दिवा आणि ट्रान्सफॉर्मर यांची जोडी मोजत होते.

आता दिवा थेट जाळ्यावर, व्होल्टेज डिफरन्शियल प्रोबने (दोन तारांमधला फरक सुरक्षितपणे मोजणारा), करंट क्लॅम्पने (तारेभोवती बसणारा चिमटा). ऑसिलोस्कोपची अर्थ क्लिप जाळ्याच्या कोणत्याही तारेला लावायची नाही, हे सहकाऱ्याने बाकावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय, बरं केलं. ८० मिलिअँपिअर क्लॅम्पला फारच थोडे पडतात, गोंगाटात बुडतात. वायरचे दहा वेढे क्लॅम्पमधून घेतले आणि वाचन दहाने भागलं. स्वच्छ आकृती मिळाली. टीएचडी गणिताच्या १२४ पेक्षा थोडी खाली, कारण भिंतीतलं व्होल्टेजही शिखरावर किंचित चपटं आहे.

ते चपटेपण शेजारच्या खोल्यांतल्या अशाच उपकरणांनी आणलेलं आहे. शेजाऱ्यांनी आधीच घोट घेतलेत आणि त्यांच्या घोटांनी माझ्या दिव्याचा घोट बदललाय. प्रश्नाचं मूळ इथेच असावं.

१७ जून

कालच्या मोजणीत अकराव्या हार्मोनिकचा कोन गणिताशी दहा अंशांनी जुळत नव्हता, तिसरीचा तीनने. जवळपास तीनास अकरा हे प्रमाण डोळ्यांत भरलं. नोंदणी यंत्र दोन वाहिन्या एकामागून एक वाचतं, मध्ये ५० मायक्रोसेकंद जातात. ते मूळ आवर्तनाचे ०.९ अंश. तिसरीला २.७, अकरावीला ९.९. दुरुस्ती घातली, जुळलं. कोनांची बेरीज-वजाबाकी करायची असेल तर ही दुरुस्ती आधी.

१९ जून

व्होल्टेज बदलून पाहिलं. स्थिर रोधाचं प्रारूप इथे लंगडं पडतं. व्होल्टेज १० टक्के उतरलं तर स्थिर रोध १९ टक्के वॉटेज घटवतो. खरा सीएफएल इतकं घटवत नाही. नळीचा स्वभावच उलटा आहे, तिच्यातून करंट वाढला की तिच्यावरचं व्होल्टेज कमी होतं. आतला रोध व्होल्टेजबरोबर चढणारा घेतला, म्हणजे कपॅसिटरमधून निघणारा करंट जवळपास स्थिर राहील असा, तर जुळतं.

नियंत्रित एलईडी ड्रायव्हर यापुढे जातो. व्होल्टेज कमी करा, तो वॉटेज राखण्यासाठी करंट वाढवतो. भार कमी करायला व्होल्टेज उतरवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवलं पाहिजे: तारेच्या बल्बने जी मदत केली असती ती हा दिवा करणार नाही.

२३ जून

आता गर्दी. एक युक्ती सापडली आणि आज दिवसभर तिच्याच आनंदात आहे. शंभर एकसारखे दिवे एकाच तारेवर समांतर लावले, तर प्रत्येक दिव्याला वाटतं की वाटेतला इम्पिडन्स (तारेचा रोध आणि इंडक्टन्स मिळून होणारा अडथळा) शंभरपट आहे. कारण तारेत एका दिव्याच्या करंटाच्या शंभरपट करंट वाहतो आणि व्होल्टेजची घटही शंभरपट होते. म्हणजे शंभर दिव्यांचं गणित करायला शंभर दिवे नकोत. एकच दिवा घ्या आणि वाटेतला इम्पिडन्स शंभराने गुणा.

कमी दाबाच्या जाळ्यासाठी प्रमाण मानलेला इम्पिडन्स एका फेजला (पुरवठ्याची तार) न्यूट्रल (परतीची तार) धरून ०.४ ओहम रोध आणि ५० हर्ट्झला ०.२५ ओहम रिअॅक्टन्स (इंडक्टन्समुळे होणारा अडथळा) असा आहे. शंभर दिवे म्हणजे एका दिव्यासमोर ४० ओहम आणि सुमारे ८० मिलिहेन्री. दिव्याच्या ३.३ मायक्रोफॅरडशी याचा अनुनाद ३१० हर्ट्झच्या आसपास पडतो, सहाव्या आणि सातव्या हार्मोनिकच्या मध्ये.

आधी साधा गुणाकार लिहून ठेवला, तुलनेला. तिसरी: एका दिव्याचे ४२ मिलिअँपिअर, शंभराचे ४.२ अँपिअर, त्यातून व्होल्टेजमध्ये ३.६ व्होल्ट, म्हणजे १.६ टक्के. पाचवी: ३ अँपिअर, ४ व्होल्ट, १.७ टक्के. जाळ्याच्या व्होल्टेजसाठीच्या ईएन ५०१६० मानकात तिसरीला ५ आणि पाचवीला ६ टक्के मुभा आहे.

२४ जून

निकाल माझ्या अपेक्षेसारखा नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी धरून चालले होते की इम्पिडन्स वाढला की करंटाचा काटा रुंद होईल आणि तिसरी हार्मोनिक उतरेल. काटा गोल झाला, त्याची उभी कडा गेली, तो अर्ध्या साइन लाटेसारखा दिसू लागला. पण रुंदी? जवळपास तेवढीच, ४८ अंशांच्या आसपास. इंडक्टन्सने काट्याला पसरवण्यापेक्षा उशिराकडे ढकललं: पूर्वी तो ४९ ते ९७ अंशांत होता आणि बहुतेक वजन सुरुवातीला होतं, आता त्याचा मध्य ८० अंशांकडे सरकलाय. इंडक्टन्सच्या रेट्यामुळे कपॅसिटर पुरवठ्याच्या शिखराच्याही थोडा वर भरतो, म्हणून पुढच्या खेपेला करंट उशिरा सुरू होतो. एका बाजूने मिळालेली रुंदी दुसऱ्या बाजूने गेली.

परिणाम असा. तिसरी आणि पाचवी जागच्या फारशा हलल्या नाहीत. अकरावी, तेरावी आणि त्यापुढच्या कोसळल्या, कारण त्या उभ्या कडेतूनच जन्मत होत्या. मूळ करंटाचं २५ अंशांचं पुढेपण साधारण निम्म्यावर आलं.

दिवे पाचशे केल्यावर तिसरीही स्पष्ट उतरू लागली. पण शंभरापर्यंत नाही. म्हणजे तिसरीला गुणाकार बराच लांबपर्यंत चालतो, अकरावीला पहिल्या काही डझनांतच फसतो. हे दोन्ही एकाच गुणकाने मोजणाऱ्या अहवालात वरच्या हार्मोनिक्सचे आकडे फुगलेले असणार, आणि त्यांच्यावर बेतलेले फिल्टर विनाकारण मोठे.

२६ जून

वेगवेगळे दिवे एकत्र. ३.३ चा एक आणि ४.७ चा एक, दोघांच्या हार्मोनिक्स कोनांसकट बेरजेला घेतल्या.

तिसरी: दोघांच्या कोनांत साडेनऊ अंशांचा फरक. बेरीज साध्या बेरजेच्या ९९.६ टक्के. काहीच कटलं नाही.

अकरावी: कोनांत ७१ अंशांचा फरक. बेरीज ८१ टक्के.

केवळ एका कपॅसिटरच्या फरकाने अकरावीचा पाचवा हिस्सा आपसांत मिटला. कारण सोपं आहे: काटा जेवढे अंश सरकतो, त्याच्या अकरापट कोन अकरावीचा सरकतो. जितकी वरची हार्मोनिक, तितकी ती शेजाऱ्यांशी भांडून संपते. तिसरी मात्र एकोप्याने साचत जाते.

२७ जून

साचते कुठे? न्यूट्रलमध्ये. तीन फेजांवर (एकमेकींपासून १२० अंशांच्या अंतराने चालणाऱ्या तीन तारांवर) सारखे दिवे लावले तर मूळ करंट न्यूट्रलमध्ये एकमेकांना खोडतात. तिसरीचे तिन्ही करंट मात्र एकाच ठेक्यात असतात (१२० अंशांची तिप्पट म्हणजे पूर्ण फेरा), त्यामुळे ते थेट मिळवले जातात. नववीही तशीच.

माझ्या दिव्याचा काटा ४८ अंशांचा, ६० पेक्षा कमी, म्हणून तीन फेजांचे काटे एकमेकांवर चढत नाहीत. मग न्यूट्रलचा करंट फेजच्या करंटाच्या बरोबर तिनाच्या वर्गमूळपट, १.७३ पट. ७९ चे १३७ मिलिअँपिअर. यापेक्षा वर तो जाऊच शकत नाही, हेही याच चित्रातून दिसतं.

'न्यूट्रल जळतील' ही भीती मात्र मोजून घ्यायला हवी. तारेचा ६० वॅटचा बल्ब फेजमधून २६१ मिलिअँपिअर घेत होता. त्याच जागी सीएफएल आला तर न्यूट्रलमध्ये १३७. जाड न्यूट्रलला यात काहीच धोका नाही. फेजच्या तारेतली उष्णतेची हानी तर अकरा पटींनी घटली, कारण हानी करंटाच्या वर्गावर जाते. धोका तिथे, जिथे न्यूट्रल फेजपेक्षा बारीक घातलीय आणि वाचलेल्या वॉटेजच्या जोरावर त्याच वायरिंगवर असाच नवा भार चढवत नेलाय. बल्बांनी भरलेल्या वायरिंगची न्यूट्रल समतोल असताना रिकामी असायची. आता ती कधीच रिकामी नसणार. डिझाइन करणाऱ्याने आपल्या सवयीत हे बदलायला हवं, दिवे काढून टाकायला नव्हे.

१ जुलै

जाळ्याच्या अभ्यासकांना काळाच्या पायऱ्यांवर चालणारा दिवा नको असतो. त्यांना हार्मोनिकनिहाय करंट हवा. सगळ्यात सोपं: ठरलेला करंटस्रोत. कालपर्यंतच्या नोंदींवरून दिसतंच की शेजाऱ्यांचा परिणाम त्यात येत नाही.

त्याच्या पुढची पायरी: व्होल्टेजमधल्या प्रत्येक हार्मोनिकमुळे करंटातली प्रत्येक हार्मोनिक किती बदलते याची सारणी. यातली गंमत अशी की व्होल्टेजमध्ये पाचवी मिसळली तर करंटाची तिसरीही बदलते. डायोड कधी उघडायचं ते अख्ख्या आकृतीवरून ठरवतात, तिच्या तुकड्यांवरून नाही.

सारणी भरायला पाचवी हार्मोनिक ठरावीक मापाची ठेवून तिचा कोन गोल फिरवला. शिखर चपटं करणाऱ्या कोनाला करंट रुंद, टोकदार करणाऱ्या कोनाला अरुंद, हे अपेक्षित. पण करंटातला बदल कागदावर काढला तर वर्तुळ येत नाही, लंबवर्तुळ येतं. म्हणजे एका इम्पिडन्सने भागून हे उत्तर निघणार नाही. सारणीच्या प्रत्येक घरात दोन संख्या हव्यात: एक व्होल्टेजच्या सदिशासाठी (त्याचं माप आणि कोन मिळून), दुसरी त्याच्या आरशातल्या प्रतिमेसाठी. घरं दुप्पट झाली, पण वीस-पंचवीस फेऱ्यांत एका दिव्याची सारणी भरून होते आणि पुढे जाळ्याच्या गणितात ती क्षणात चालते.

२ जुलै

सारणीची हद्द तपासली. व्होल्टेजमधली विकृती काही टक्क्यांपर्यंत असेल तर उत्तर काळाच्या पायऱ्यांशी जुळतं. त्यापुढे वहनाचा कोन इतका सरकतो की सरळ रेषेचा अंदाज पुरत नाही.

६ जुलै

एलईडी. इथे 'एलईडी दिवा' या एका नावाखाली निदान चार वेगळे प्राणी आहेत. मालिकेतल्या कपॅसिटरवर चालणारे अगदी छोटे दिवे, ज्यांचा करंट व्होल्टेजच्या जवळपास ९० अंश पुढे. सीएफएलसारखाच ब्रिज आणि इलेक्ट्रोलिटिक असलेले. त्यांना माझं प्रारूप जसंच्या तसं लागतं. दरी-भरण (व्हॅली-फिल) जोडणीचे, जे ३० ते १५० अंशांपर्यंत करंट घेतात. आणि स्थिर करंटाचे रेषीय ड्रायव्हर, ज्यांत मोठा कपॅसिटरच नाही: व्होल्टेज एलईडींच्या माळेच्या वर गेलं की ठरलेला करंट, खाली आलं की शून्य.

शेवटच्याचं गणित ओळीभराचं आहे. माळ २६० व्होल्टची धरली तर ५३ ते १२७ अंशांपर्यंत सपाट ठोकळा. टीएचडी ६४ टक्के, तिसरी ५२, पाचवी जेमतेम अडीच. पॉवर फॅक्टर ०.८४. ठोकळा शिखराभोवती समान, त्यामुळे मूळ करंट पुढेही नाही, मागेही नाही.

७ जुलै

या ठोकळ्याने माझ्या २६ जूनच्या नोंदीला धक्का दिला. तिसरी एकोप्याने साचते असं मी लिहिलं होतं. ते एकाच जातीच्या दिव्यांपुरतं खरं निघालं.

सीएफएलचा काटा शिखराआधी येतो, रेषीय एलईडीचा ठोकळा शिखराच्या दोन्ही बाजूंना. त्यामुळे त्यांच्या तिसऱ्या हार्मोनिक्समध्ये ७५ अंशांचा फरक पडतो. माझा ११ वॅटचा सीएफएल ४२ मिलिअँपिअर तिसरी देतो, ९ वॅटचा हा एलईडी २० देतो. साधी बेरीज ६२ च्या वर, कोनांसकट ५१. १८ टक्के तिसरीतूनच कटले, आणि न्यूट्रलमध्येही तेवढेच कटणार.

म्हणून दिव्यांच्या बदलाच्या मधल्या काळात, जेव्हा अर्धे जुने आणि अर्धे नवे असतात, जाळ्याला दोन्ही टोकांच्या सरळ सरासरीपेक्षा हलकं वाटेल. सर्वेक्षणात 'किती वॅट एलईडी' एवढंच विचारून चालणार नाही. आत कोणता ड्रायव्हर आहे ते विचारावं लागेल. ते पेटीवर लिहिलेलं नसतं. पण करंटाची एक आकृती पाहिली की कळतं, आणि ती आकृती घ्यायला दहा वेढे आणि एक क्लॅम्प पुरतो.

९ जुलै

फायलीचा आराखडा ठरवला. प्रत्येक जातीच्या दिव्यासाठी: मूळ करंट आणि त्याचा कोन, पंचविसाव्यापर्यंतच्या हार्मोनिक्स कोनांसकट, व्होल्टेजबरोबर वॉटेज कसं बदलतं त्याचा घातांक, आणि दोन-दोन संख्यांची सारणी. कोन कशापासून मोजलाय ते पहिल्याच ओळीत लिहायचं: व्होल्टेज शून्यातून वर चढतं तो क्षण, साइनचा संदर्भ. याआधी मिळालेल्या दोन फायलींत एकीला कोसाइनचा संदर्भ होता आणि कुठेच तसं लिहिलेलं नव्हतं. अशा फायली एकत्र घातल्या की खरी कटणारी हार्मोनिक साचताना दिसते आणि साचणारी कटताना.

१३ जुलै

पडताळणीचा फळा तयार. बारा सीएफएल, बारा रेषीय एलईडी, एकाच तारेवर, तारेत मुद्दाम वाढवलेला इम्पिडन्स. दिवे लावायच्या आधी अपेक्षित आकडे वहीत लिहिले आणि सहकाऱ्याची सही घेतली, म्हणजे नंतर प्रारूपाला वळवण्याचा मोह होणार नाही.

आधी फक्त सीएफएल. तिसरी गुणाकाराजवळ, वहीतल्या आकड्यावर. मग एलईडी चढवले. तिसरी साध्या बेरजेच्या खाली आली आणि सारणीने सांगितलेल्या आकड्यापाशी थांबली. पाचवी जवळ. अकरावी मात्र सारणीच्याही खाली. फळ्यावरच्या बारा सीएफएलपैकी तीन वेगळ्या खेपेचे आहेत, असं दिवे उलटे करून पाहिल्यावर दिसलं. उद्या ते तिघे उघडून त्यांचे कपॅसिटर मोजायचे.

१४ जुलै

तिघांतही ४.७.